पुस्तकात नसलेली चरवी

विजयाताईंचं पूर्ण नाव विजयमाला कदम, पण नारायण पेठेत त्यांना या नावाने ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. बाकीच्यांसाठी त्या 'पुस्तकंवाल्या बाई' होत्या. दुपारी जिन्यात चपला वाजायच्या, दारातून "पुस्तकं" एवढा एकच शब्द यायचा आणि घरातलं कोणीतरी हातातलं काम टाकून उठायचं. आमच्या पेठेची रीत अशी की दूधवाल्याला उशीर झाला तर त्याला कारण विचारायचं. विजयाताईंना उशीर झाला तर मात्र लोक पाणी विचारायचे. यावरून त्यांची योग्यता काय ती समजावी.

मी सांगते आहे ते साल शहाऐंशी. बाळकाका केतकरांचं घरपोच वाचनालय तेव्हा जोरात होतं. बाळकाका गादीवर बसून फाटक्या पुस्तकांना खळ लावत, खाकी कव्हरं घालत, आणि विजयाताई दोन खांद्यांना दोन कापडी पिशव्या अडकवून नारायण, सदाशिव आणि शनिवार अशा तीन पेठा पायी फिरत. एका पिशवीत मासिकं, दुसरीत कथा-कादंबऱ्या. माहेर कात्रजचं, शेतकऱ्याचं. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. नवरा एका छापखान्यात कामाला होता आणि दोघं पेठेतच दोन खोल्यांत राहत. वय तेव्हा चौतीस-पस्तीस असेल.

कोणत्या घरी कोणतं पुस्तक द्यायचं हे विजयाताई ठरवत. त्यासाठी प्रत्येक पुस्तक त्या आधी स्वतः वाचत. "तळमजल्यावर मेलेलं माणूस चालत नाही," त्या मला जिन्यात हळूच सांगायच्या. "वरच्या घरी शेवटी लग्न व्हायलाच लागतं. आणि कोपऱ्यावरच्या काकांना खून लागतो, पण जेवणाआधी पोचवला तर ते जेवतच नाहीत, वहिनी माझ्यावर चिडतात. म्हणून त्यांच्याकडे मी चारनंतर जाते."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, सकाळच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका, आणि स्वतःला साहित्यातलं बरंच काही कळतं अशा समजुतीत होते. ही समजूत मोडण्याचं काम दर गुरुवारी मंदाकिनीबाई करत.

मंदाकिनीबाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. मलाही त्यांनीच शिकवलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी सुनीती नाशिकला सासरी. बाईंच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी पाच वाजता आमची बैठक जमायची. मी, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले माधवराव लिमये, आणि आणखी दोघं-तिघं, ज्यांची मतं चहा यायच्या आधी एक आणि चहानंतर दुसरी असत. वाचनालयाच्या दोन प्रती आमच्यात फिरायच्या आणि सगळ्यांचं वाचून झालं की त्या पुस्तकावर बैठक व्हायची.

बैठकीचा नियम एकच होता. पुस्तकाबद्दल काहीही बोलण्याआधी प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: काय उरलं? पुस्तक मिटल्यावर हातात काय राहिलं, ते सांगायचं. 'छान आहे' चालायचं नाही, 'मनाला भिडलं' तर मुळीच नाही. वस्तू सांगायची, माणसाची लकब सांगायची, एखादा वास, एखादं वाक्य. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "स्त्रीमनाची घुसमट."

"कितव्या पानावर आहे ती?" बाईंनी विचारलं.

मी पानं चाळायला लागले आणि माधवरावांनी चहाचा कप तोंडापुढे धरून हसू लपवलं. पण खरं सांगते, मला वाचायला त्या प्रश्नाने शिकवलं. ज्या पुस्तकातून काहीच उरत नाही ते कितीही गाजलेलं असलं तरी बाई शांतपणे म्हणायच्या, "अंगाला लागलं नाही," आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायच्या.

गुरुवारी सहाच्या सुमाराला विजयाताई पुस्तकं परत न्यायला यायच्या आणि उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या. बाई म्हणायच्या, "आत ये ना." त्या म्हणायच्या, "असू दे बाई, अजून दोन घरं राहिलीत." आणि तरी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पंधरा-वीस मिनिटं आमचं बोलणं ऐकत राहायच्या. ज्या पुस्तकावर आम्ही कंठशोष करत होतो, ते आमच्याआधी त्यांनी वाचलेलं असायचं. पण काय उरलं, हे त्यांना आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. याची मला आज लाज वाटते.

आता जे सांगते ते मला नंतर कळलं, पण गोष्ट समजायला आधीच सांगितलेलं बरं.

ज्या बैठकीत सगळं उघड झालं तिच्या वर्षभर आधीची गोष्ट. बाईंकडून एक कादंबरी परत आली. विजयाताईंना माहीत होतं की त्या पुस्तकात बाळकाकांची खळ जरा जास्त झाली होती आणि मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. वाचणाऱ्याला ती पट्टीने सोडवून घ्यावी लागली असती. पुस्तक परत आलं तेव्हाही ती तशीच चिकटलेली होती. विजयाताईंनी आणखी दोन पुस्तकं जाऊ दिली. मग एका दुपारी त्यांनी दार आतून लोटून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही वाचत नाही का हल्ली?"

बाई म्हणाल्या, "अक्षरं दिसत नाहीत गं. कडेने सगळं काळं होत आलंय."

तो काचबिंदू होता. बाईंनी डॉक्टरकडे जायचंही टाळलं होतं, कारण डॉक्टरकडे गेलं की सुनीतीला कळणार, आणि सुनीतीला कळलं की ती आईला नाशिकला नेणार. "मुलगी गुणाची आहे, जावई तिच्याहून गुणाचे," बाई म्हणाल्या. "तिथे मला काही कमी पडणार नाही. पण तिथे गुरुवार नसेल विजया. मी नुसती कोणाची तरी आजी म्हणून बसून राहीन."

त्या दिवसापासून विजयाताईंनी पुस्तकं वाटायची वाट बदलली. बाकीची घरं पुढे-मागे केली आणि दुपारी दोन ते साडेतीन बाईंना पुस्तक वाचून दाखवायला लागल्या. गुरुवारी बाई चष्मा लावून, पुस्तक मांडीवर घेऊन बसत आणि उतारा वाचायची वेळ आली की म्हणत, "पद्मजा, तू वाच, तुझे उच्चार स्वच्छ आहेत." मी फुशारून जायचे. वर्षभरात एकदाही मला संशय आला नाही.

एवढंच झालं असतं तर काही बिघडलं नसतं. पण विजयाताई वाचताना पुस्तकात हात घालायच्या.

सुरुवात गाळण्यापासून झाली. "सूर्यास्त मी सोडून द्यायचे," त्यांनी मला पुढे सांगितलं. "दोन-दोन पानं सूर्य बुडतच असतो, आणि बाईंचा चहा राहायचा." मग एखादं वाक्य बदलायला लागल्या. एका कथेत दोन जावा वेगळं बिऱ्हाड करतात. लेखकाने तिथे दोघींच्या मनातली खळबळ अर्धं पान लिहिली होती. विजयाताईंनी ते पान उलटलं आणि वाचल्यासारखं करून सांगितलं की धाकटीने निघताना कोनाड्यातला आपला वाटा म्हणून मिळालेला लोणच्याचा सट परत मोठीपुढे सरकवला आणि म्हणाली, तुमच्याच हातचं आहे, माझ्याकडे बुरशी येईल. त्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "मला लोणच्याचा सट उरला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला जे दिसत नाही ते बाईंना दिसतं, असं मी घरी जाऊन आईलाही सांगितलं. पुस्तक उघडून कोणी पाहिलं नाही.

माधवरावांनी मात्र पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण चाळीस वर्षं कोर्टात कागद लावण्यात गेली होती. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी दोन-तीनदा असं पाहिलं, मनात ठेवलं आणि वाट बघत राहिले.

मग ती कादंबरी आली. त्या वर्षी सगळीकडे तिचंच नाव होतं. डोंगरातल्या एका वाडीवर एक म्हातारी शहरात गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट बघते. शेवटच्या प्रकरणात ती बाहेरचं दार लावून माजघराच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या एकटीच मरते, आणि दोन दिवसांनी पोस्टमन पत्र घेऊन येतो. बंद दारापुढून हाक मारतो आणि पत्र फटीतून आत सरकवून जातो. मी त्या प्रकरणावर रडले होते. माधवरावांनी रडणं कधी मान्य केलं नसतं, पण तेही म्हणाले, "मला तो पत्राचा पांढरा कोपरा उरला. दाराखालून आत आलेला."

बाईंची पाळी आली. "मला चरवी उरली," त्या म्हणाल्या. "पत्र आलं नाही, तेव्हा म्हातारी म्हणते, पत्र नाही तर नाही, धारेची वेळ तर झाली. आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसते. रेडकू मेल्यापासून त्या म्हशीने पान्हा सोडलेला नसतो. म्हातारी नुसती कासेवरून हात फिरवत बसते, बोलत काहीच नाही. आणि मग पहिली धार पडते. रिकाम्या चरवीत ती कशी खणकन वाजते, आणि चरवी भरायला लागली की फेसात आवाज कसा मऊ होत जातो... तो आवाज मला उरला. अर्धी चरवी भरते आणि तिथेच पुस्तक संपतं. फार मोठा लेखक आहे."

 माधवरावांनी पुस्तक उचललं, शेवटचं प्रकरण सावकाश चाळलं आणि मिटून ठेवलं. त्या कादंबरीत शेवटी म्हैस नव्हती. रेडकू नव्हतं. चरवी हा शब्ददेखील नव्हता. उंबऱ्यापाशी विजयाताई उभ्या होत्या. त्या दिवशी त्या पुस्तकं न घेताच निघून गेल्या, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी माधवराव माझ्याकडे आले. "बाईंच्या डोक्यावर परिणाम होतोय," ते म्हणाले. "हे चौथ्यांदा. घरात एकट्या असतात, उद्या गॅस उघडा राहिला तर? मुलीला कळवणं आपलं कर्तव्य आहे." त्यांचे हात थरथरायचे, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'स्मृतिभ्रंश' असा शब्द त्यांनी सांगितला. मी 'विसरायला होतं' असं लिहिलं, त्यांनी ते खोडायला लावलं. ज्या बाईंनी मला अक्षर वळवायला शिकवलं त्यांच्याविरुद्ध मी त्याच वळणदार अक्षरात पत्र लिहिलं आणि स्वतः पेटीत टाकून आले. काळजीपोटी लिहिलं, हे खरं. पण एकदा सरळ जाऊन बाईंना विचारावं, इतकं साधं मला सुचलं नाही, हेही तितकंच खरं.

सुनीतीताई पुढच्या बुधवारी आल्या. गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा बाईंच्या चार साड्या आणि औषधं ट्रंकेत भरलेली होती. सुनीतीताईंचे डोळे सुजले होते. "आई, आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

"गुरुवार. तू केलेले पोहे, मीठ कमी होतं," बाई म्हणाल्या. "सुनीती, मला वेड लागलेलं नाही. चरवी पुस्तकात आहे. लोकांनी नीट वाचावं."

माधवरावांनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. आवाज त्यांनी शक्य तितका मऊ केला होता. "बाई, हे शेवटचं प्रकरण. कुठे आहे तेवढं दाखवा. मी सगळ्यांदेखत माफी मागेन."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. चष्मा सारखा केला. पानावरून बोट फिरवलं, जणू बोटाला अक्षरं लागणार होती. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. दिसत नाही म्हणायचं, की आठवत नाही म्हणायचं. दोन्ही वाटा नाशिकलाच जात होत्या.  माझ्या बाईंना मी पहिल्यांदाच उत्तर न येणाऱ्या मुलीसारखं बसलेलं पाहिलं आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. विजयाताईंनी चपला काढल्या आणि त्या आत आल्या. बैठक चालू असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाईंना काही झालेलं न्हाई," त्या म्हणाल्या. कात्रजची बोली आपोआप तोंडात आली होती. "चरवी पुस्तकात न्हाई. ती म्या घातली. बाईंना वर्षापास्नं दिसत न्हाई, म्या वाचून दाखवते. शेवट मला वाचवला न्हाई. ती चरवी आमच्या आईची हाय."

सुनीतीताई आईकडे बघत राहिल्या. "दिसत नाही? आई?" त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. त्यांचा चेहरा विजयाताईंच्या आवाजाकडे वळला होता आणि तो चेहरा मला ओळखीचा होता. वर्गात कोणी कॉपी केली की होत असे तसा.

"तू मला छापलेलं सोडून भलतंच वाचून दाखवलंस?"

"हो बाई."

"लोणच्याचा सट?"

"तोपण माझाच."

"एखाद्या माणसाने वर्षं घालवून लिहिलेलं असतं विजया. ते वाचणाऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचवणं एवढंच तुझं काम. मी आंधळी, म्हणून तू मला काहीही खाऊ घालशील?"

विजयाताई रडायला लागल्या. मलाही राहवेना. मी म्हणाले, "बाई, त्यांनी तुमच्यासाठीच केलं." "तू थांब," बाई म्हणाल्या. "तुझं पत्र मी सुनीतीकडून ऐकलंय." मी थांबले.

मग बाईंनी पुस्तक पुढे केलं. "बस. खुर्चीवर बस. शेवटचं प्रकरण वाच. एकही शब्द न बदलता."

विजयाताईंनी पदराने डोळे पुसले आणि वाचलं. त्यांचं वाचन मी पहिल्यांदा ऐकत होते. कसलाही नखरा नाही, शेजारच्या घरातली हकिगत सांगावी तसं. म्हातारी उंबऱ्यावर बसते तिथे त्या अडल्या. श्वास घेतला आणि पुढे गेल्या. म्हातारी मेली. पोस्टमन आला. पत्र आत सरकलं. पुस्तक मिटलं.

गंमत अशी की जे प्रकरण एकटीने वाचताना मी ढसाढसा रडले होते, ते त्या खोलीत ऐकताना मला पोस्टमनची पावलं आधीच ऐकू यायला लागली. तो नेमका उशिरा येणार, लेखकाने त्याला दाराआड थांबवून ठेवलंय, हे कळत होतं. मला वाटतं ते सगळ्यांनाच कळलं.

"काय उरलं?" बाईंनी विचारलं. नियम तो नियम.

 माधवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "बाई," ते म्हणाले, "चरवीच."

"पुस्तकात नसताना?"

"नसताना," माधवराव म्हणाले. शिरस्तेदाराच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे पश्चिमेला सूर्य उगवणं. मग ते सुनीतीताईंकडे वळले. "पत्रात मी चूक लिहवलं. आईंचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे. डोळ्यांचं बघा."

पुढचे दोन दिवस त्या घरात मायलेकींचं काय झालं ते त्यांनाच माहीत. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकेल. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचं काम मी मागून घेतलं. मला ते करायलाच हवं होतं. विजयाताई दुपारी येणार होत्याच. सुनीतीताईंनी ट्रंक रिकामी केली, साड्या पुन्हा कपाटात लावल्या आणि एसटीत बसताना माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पुन्हा पत्र लिहिलंस तर आधी आईला वाचून दाखव."

बाईंनी विजयाताईंना एक अट घातली. छापलेलं आधी अक्षर न अक्षर वाचायचं, सूर्यास्तासकट. पुस्तक मिटलं की मग बाई म्हणायच्या, "आता तुझं सांग." आणि गुरुवारच्या बैठकीत एक खुर्ची वाढली. विजयाताई चपला काढून आत येऊ लागल्या. त्यांना काय उरलं ते आम्ही सगळ्यात शेवटी विचारायचो, कारण त्यांच्यानंतर बोलायची कोणाची छाती नव्हती. एकदा एका फार नावाजलेल्या पुस्तकाबद्दल त्या म्हणाल्या, "ह्यात स्वयंपाकघर आहे, पण कोणाला भूक लागत नाही." माधवरावांनी ते वहीत उतरवून घेतलं.

लिहा, लिहा म्हणून मी त्यांच्या मागे लागले. चांगली जाड वही आणून दिली. दोन महिन्यांनी ती कोरीच परत आली. "लिहायला बसलं की पुस्तकासारखं व्हायला लागतं," त्या म्हणाल्या. "समोर कोणीतरी ऐकणारं लागतं मला. बाईंच्या तोंडाकडे बघितलं की कळतं, कुठं खोटं झालं." मी वही मुलांच्या शुद्धलेखनाला वापरली.

बाई त्यानंतर आठ वर्षं जगल्या, नारायण पेठेतच. गेल्या त्या दुपारीच, पुस्तक चालू असताना. विजयाताईंच्या लक्षात आलं तेव्हा प्रकरणाची दीड पानं उरली होती. त्यांनी आधी ती वाचून पुरी केली आणि मग मला हाक मारली.

तेराव्यानंतर आम्ही दोघी बाईंच्या जिन्यात बसलो होतो. वर सुनीतीताई भांडी आवरत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "विजयाताई, तुमच्या त्या म्हशीचं नाव काय होतं हो?"

"कुठल्या म्हशीचं?"

"चरवीवाल्या. तुमच्या आईच्या."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "म्हैस नव्हती पद्मजाताई," त्या म्हणाल्या. "विकली होती. आई गेली त्याच्या आधीच वर्षभर. भाऊ वाघोलीला कामाला, आई कात्रजला एकटीच. मंगळवारी निरोप आला, आईला बरं नाही, येऊन जा. मी म्हटलं, दोन दिवसांची घरं उरकते आणि गुरुवारी जाते. लोकांची पुस्तकं बदलायची होती. गुरुवारी गेले तर आई बुधवारीच गेलेली. उंबऱ्यावर. रस्त्याकडे तोंड करून." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "म्हणून तो शेवट मला वाचवेना. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर आईची चरवी म्हणाले, तेपण खोटंच."

 ज्या दुपारी त्यांच्या आईचा जीव जात होता, त्या दुपारी कदाचित आमच्याच जिन्यात त्या मला हसत हसत एखादं पुस्तक देत असतील, आणि पाणी सोडून आम्ही त्यांना काहीही विचारलं नसेल.

"बाईंना माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी सांगितलं. घाबरत घाबरतच. आदल्या दिवशी एवढ्या रागावलेल्या. म्हटलं, बाई, पुस्तकातली नव्हती ती नव्हती, ती चरवी आईचीपण नव्हती."

"मग? रागावल्या?"

"नाही.  मग म्हणाल्या, 'मला धार ऐकू आली होती विजया. खोटी असती तर आली नसती.'" विजयाताईंनी डोळे पुसले. "आणि मग माझा हात धरून बसून राहिल्या. त्या दिवशी आम्ही काही वाचलंच नाही."